चौथ्या ओळीतल्या चार मात्रा

बोईसर,
१४ नोव्हेंबर १९६५

ती. मामांना,

नमस्कार इथूनच घालतो. दिवाळीला माकुणसारला आलो नाही म्हणून मामी रुसली असेल, पण ठेकेदाराच्या कामावर हजेरीचं बुक माझ्याशिवाय कोणी हातात घेत नाही. सकाळी नावं पुकारायची, संध्याकाळी पुकारायची, आणि मधल्या वेळात धूळ खायची. समुद्राकडे जाणारा रस्ता आणि त्याच्या कडेने पाण्याच्या नळाचा चर, असं काम आहे. सुगंधाची तब्येत बरी आहे. सहावा महिना चालू आहे. खोली ठेकेदारानेच दिल्यामुळे चिंता नाही.

एक काम आहे आणि ते तुमच्याच हातचं आहे. खाली बारा ओळी उतरवून दिल्या आहेत. त्यांचं वृत्त कुठलं, यमक कसलं, बांधणी कशी, ते सोडवून सांगा. आणि मुख्य म्हणजे हे रचणारा माणूस कोण असावा? मास्तर, युनियनवाला, की आणखी कोणी? मी सातवीत असताना फळ्यावर हेडमास्तरांवर चार ओळी लिहिल्या होत्या, तेव्हा तुम्ही नुसत्या मात्रा मोजून माझ्यापर्यंत पोचलात आणि छडी मारलीत. त्या विद्येचं आज काम पडलं आहे.

आमच्या साहेबांना कवितेचा शौक आहे. तुमचं नाव मीच सुचवलं. उत्तर आठवड्याच्या आत आलं तर बरं, आणि कागद दुसऱ्या कोणाला दाखवू नका.

सकाळपारी चरात झिपरू
झिपरूमागं चरात नवशा
नवशामागं चरात दादू
दादूमागं चरात

सांजंला ये वरती झिपरू
झिपरूमागं वरती नवशा
नवशामागं वरती दादू
दादूमागं माती

मातीवर ही धुम्मस आली
आली, बाया, उचला चौघी
चौघी मिळून कोणावर गं
कोणावर गं पडली

तुमचा,
बळवंत


माकुणसार,
१८ नोव्हेंबर १९६५

चि. बळवंत,

आशीर्वाद. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत मला मात्रा मोजायला कोणी सांगितलं नव्हतं. पानमळ्याला पाणी सोडायचं होतं ते तसंच राहिलं. तुझी मामी म्हणाली, यांना आता जेवण नको, कागदच वाढा.

आता ऐक. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूची दोन, एवढं तरी तुझ्या डोक्यात शिल्लक असेल. ‘झिपरूमागं’ घे. झि एक, प एक, रू दोन, मा दोन, गं दोन. आठ झाल्या. ‘चरात नवशा’ घे. च एक, रा दोन, त एक, न एक, व एक, शा दोन. पुन्हा आठ. आठ आणि आठ सोळा, म्हणजे सरळसरळ पादाकुलक. सगळ्या लांब ओळी मी बोटांच्या पेरांवर तीनतीनदा मोजल्या. एकही ढळत नाही. कॉलेजातले कवी मला पोस्टाने पुस्तकं पाठवतात, त्यांच्या ओळी लंगडतात आणि ही लंगडत नाही.

यमक तू शेवटी शोधलं असशील आणि सापडलं नसेल. ते तिथे नाहीच. एका ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. झिपरू, मग झिपरूमागं. नवशा, मग नवशामागं. माती, मग मातीवर. याला दामयमक म्हणतात. आपल्या पंडित कवींना याचा फार सोस होता, पण ते असा शब्द दोरीने बांधून आणत. इथे तो आपल्या पायाने चालत येतो.

बांधणी तीन कडव्यांची. पहिल्यात माणसं चरात उतरतात, दुसऱ्यात वर येतात, तिसऱ्यात चोपणी होते. साधी आहे, पण पक्की आहे.

आता तुझा कान धरतो. प्रत्येक कडव्याची चौथी ओळ अपुरी आहे. ‘दादूमागं चरात’, बारा. ‘दादूमागं माती’, बारा. ‘कोणावर गं पडली’, बारा. तिन्ही ठिकाणी नेमक्या चार मात्रा गायब. बाकी कुठेही न चुकणारा माणूस तीनदा एकाच जागी चुकत नाही, म्हणजे लिहून घेणारा झोपला होता. लहानपणी तू चिकू खायचास आणि बिया माझ्या पुस्तकात ठेवायचास, तशा या चार मात्रा कुठे ठेवल्यास ते बघ आणि पाठव.

रचणारा कोण, ते आत्ताच सांगत नाही. ‘मागं’, ‘सांजंला’ ही बोली आहे खरी, पण शिकलेला माणूस अडाण्याचं सोंग घेऊ शकतो. चार मात्रा आल्या की सांगेन. साहेबांना माझा नमस्कार कळव. ठेकेदारीच्या धंद्यात असा रसिक निघावा, याचा आनंद वाटला.

तुझा,
भगवंतमामा


बोईसर,
२२ नोव्हेंबर १९६५

ती. मामा,

पत्र मिळालं. साहेबांनी ते स्वतः मागून घेतलं आणि मुकादमाकडून वाचून घेतलं. मात्रांचं त्यांना काही कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, माणूस कोण?

मी झोपलो नव्हतो. मी ऐकलं तसंच उतरवलं आहे. चौथी ओळ तिथेच थांबते. ती थांबते तेव्हा धप्प होतं आणि मग पुढचं कडवं सुरू होतं. मध्ये शब्द नाही.

मामा, जास्त खोलात जाऊ नका. माणूस शिकलेला वाटतो का, एवढंच एका ओळीत लिहा. ‘बाहेरचा कोणी शिकलेला’ असं लिहिलंत तरी चालेल. खरं तर तेच बरं पडेल. इथे एक मास्तर होता, तो गेल्या महिन्यात बदलून सोलापूरकडे गेला. त्याचं असलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

मुकादम रोज विचारतो. पत्र शनिवारपर्यंत यावं.

बळवंत


माकुणसार,
२६ नोव्हेंबर १९६५

चि. बळवंत,

‘तेच बरं पडेल’ म्हणजे काय? गणिताचं उत्तर कोणाला बरं पडावं म्हणून बदलतं का? भगवंत सावे मास्तराने अडतीस वर्षं कोणाला बरं पडावं म्हणून मार्क दिले नाहीत, तुला तर नाहीच नाही.

आणि तू मला किल्ली देऊन वर खोलात जाऊ नका म्हणतोस. धप्प होतं, हे आधी का नाही सांगितलंस? त्या चार मात्रा गायब नाहीत. त्या कामाला दिलेल्या आहेत. आता कशाचं धप्प, ते मी इथे ओट्यावर बसून सांगतो. जातं असतं तर ते थांबलं नसतं. मुसळ असतं तर दर चार मात्रांना पडलं असतं. इथे तीन ओळी दम खायचा, पाय सरकवायचे, मूठ धरायची, चौथ्या ओळीला उचलायचं आणि मोकळ्या जागेत सोडायचं. इतका वेळ लागतो म्हणजे वजन मोठं आहे. चार मुठींची धुम्मस. भराव चोपायची. गाण्यातही तीच आहे. हे गाणं धुम्मस मारता मारता झालेलं आहे.

दामयमकाचंही कोडं सुटलं. चोपणाऱ्या बाया ओळीचा शेवटचा शब्द धरून ठेवतात आणि सांगणारी तोच शब्द त्यांच्या तोंडून उचलून पुढची ओळ काढते. लिहिणाऱ्याला याची गरज नसते. म्हणजे ही रचना तू उतरवलीस तेव्हाच पहिल्यांदा कागदावर आली. मास्तर नव्हे, युनियनवाला नव्हे, सोलापूरचा तर मुळीच नव्हे.

आणखी पुढे जातो. ‘कोणावर गं’ म्हणणारी बाई असते. ‘बाया, उचला चौघी’ म्हणणारी स्वतः मूठ धरत नाही. ती पाचवी. तिचे हात रिकामे असतात आणि गळा कामात असतो. साहेबांना सांग, धुम्मसवाल्यांच्या टोळीत जा, जिचे हात रिकामे असतील तीच ही कवयित्री. तिला नारळ द्या, लुगडं द्या. आणि बारा ओळींवरून माणूस शोधून देणारा मास्तर माकुणसारला असतो, हेही त्यांच्या कानावर घाल.

एकच गोष्ट अजून खुपते. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘दादूमागं वरती’ सहज बसलं असतं. ‘वरती’ चार मात्रांचा आणि ‘माती’ही चार मात्रांचा. म्हणजे वृत्ताने तिला अडवलं नव्हतं. तिला ‘माती’च म्हणायचं होतं. चौथा वर येतो असं ती म्हणत का नाही? बघ, तुला काही ठाऊक असेल तर लिही.

तुझा,
मामा


बोईसर,
३ डिसेंबर १९६५

ती. मामांच्या पायांशी, सुगंधाचा नमस्कार.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. शेजारच्या बाईंचा भाऊ तुमच्या बाजूला सफाळ्याला जातो, त्याच्या हाती देईन. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

मामा, तुम्ही काय लिहिलं होतंत? तुमचं पत्र शनिवारी आलं. ते वाचून हे दारातच उभे राहिले. मग पुंडलिक मुकादम आला आणि त्याने ते यांच्या हातातून घेतलं. सोमवारी धुम्मसवाल्या पाच जणींना त्याने ओळीने उभं केलं आणि सगळ्यांसमोर तुमचं पत्र वाचलं. ‘जिचे हात रिकामे तीच’ म्हणाला आणि नवसीचा हात धरून तिला बाहेर ओढलं. ती डोंगराकडची बाई आहे, लग्नात गाणी सांगते. नारळ कोणी दिला नाही. तिची झोपडी त्याच दुपारी मोडली. पुन्हा ते गाणं म्हटलंस तर चोरीचा आळ घालू, असं सांगून तिला हाकलून दिलं. ती डोक्यावर पाटी घेऊन मनोरच्या रस्त्याने गेली. मी खोलीच्या दारातून बघितलं. तिने मागे वळून बघितलं नाही.

कामावरचा कोणी माणूस नाहीसा झाला आहे आणि गाणं त्याच्यावर आहे, एवढंच मला बायांकडून कळलं. यांना विचारलं की हे ताट बाजूला सारतात. महिनाभर यांना धड झोप नाही. पोटातलं बाळ हललं की मला आनंद होतो आणि यांचा चेहरा बघितला की तो जातो.

तुम्ही मोठे आहात. काहीतरी करा. माझं नाव मध्ये आणू नका.

सुगंधा


माकुणसार,
८ डिसेंबर १९६५

बळवंत,

मला सगळं कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नकोस.

मी तीन दिवस तुझा राग राग केला. साहेब रसिक आहेत, असं तू मला लिहिलंस. पण मग माझीच सव्वीस तारखेची नक्कल काढून वाचली आणि राग करायला दुसरं माणूस शोधायची गरज उरली नाही. तू मला अडवत होतास. एका ओळीत लिहा म्हणत होतास. मी मात्र शाबासकीसाठी एका बाईचा हात मुकादमाच्या हातात दिला. पासष्ट वर्षांच्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

परवा तुझी मामी भाजी निवडत होती. मी तिला त्या बारा ओळी वाचून दाखवल्या. सत्तेचाळीस सालापासून मी तिला एकही कविता वाचून दाखवली नव्हती. ती ऐकून म्हणाली, “हिच्या नवऱ्याला काय झालं?”

मी म्हटलं, नवरा कुठून आला मध्येच?

“अवो, तिघांची नावं घेते. चौथ्याचं नाय घेत. आपल्या माणसाचं नाव कोण बाई घेते?”

बळवंत, चाळीस वर्षं या घरात मला कोणी नावाने हाक मारलेली नाही. बाजारात कोणी हिला नवऱ्याचं नाव विचारलं तर ही शेजारणीकडे बघते आणि शेजारीण सांगते. हे रोज डोळ्यांसमोर असून मला ती रिकामी जागा फक्त धुम्मस पडायची वाटली. मात्रा मी बरोबर मोजल्या होत्या. माणूस मोजायचा राहिला.

सकाळी चौघे उतरले, संध्याकाळी तिघे वर आले, चौथ्यावर माती आली आणि ती माती त्याच्याच बायकोच्या टोळीकडून चोपून घेतली. गाण्यात एवढंच आहे. ती त्याचं नाव घेत नाही, म्हणून नावाच्या जागी धुम्मस पडते.

ते नाव चार मात्रांचं आहे. झिपरू, नवशा, दादू, तिघेही चार मात्रांचे, आणि चौथाही त्याच मापाचा असणार. मला ते ठाऊक नाही. तुझ्या बुकात ते आहे. सांग.

मामा


बोईसर,
१३ डिसेंबर १९६५

मामा,

तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुमची वाडी आहे, मळा आहे, पेन्शन आहे. माझ्याकडे ठेकेदाराची एक खोली आहे, आणि फेब्रुवारीत तिच्यात पाळणा लागायचा आहे.

बुकात काय आहे ते विचारता ना? बुकात ‘काम सोडून गेला’ असं आहे. अक्षर माझं आहे. झालं समाधान?

त्या दिवशी, म्हणजे २८ ऑक्टोबरला, अवेळी पाऊस येऊन गेला होता. चर दोन पुरुष खोल. कामाची सुटी झाल्यावर मी नावं पुकारली. चरातल्या चौघांपैकी तीन ‘हाजिर’ आले आणि चौथं आलं नाही. मी पुन्हा पुकारलं. ते तिघे खाली बघत होते. त्यांच्या पाठीमागे चराची एक बाजू ढासळलेली होती, ताजी. पुंडलिक मुकादम म्हणाला, “लिव. पळून गेला म्हनून लिव. ही मानसं अशीच जात्यात.” मी लिहिलं.

सकाळी त्या तिघांना ट्रकमध्ये घालून गुजरातच्या बाजूच्या कामावर पाठवलं. ढासळला होता तेवढा भाग बुजवला, चर दहा फूट बाजूने घेतला आणि भरावावर धुम्मस आणली. मी बाजूला बुक घेऊन उभा होतो. चराच्या कडेला त्याची लाकडी आकडी पडली होती, कंबरेला बांधतात ती, आणि तिच्यात कोयता तसाच होता. डोंगरातला माणूस पळून जाताना कोयता टाकून जात नाही, एवढं मलाही कळतं. ती मी उचलली आणि खोलीत खाटेखाली ठेवली. का ठेवली ते मला सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी नवसीने ते गाणं काढलं. चार दिवसांत सगळ्या टोळ्या म्हणायला लागल्या. साहेबांनी विचारलं, हे कोणी रचलं? मीच म्हटलं, माझे मामा सांगतील. मला वाटलं तुम्ही नेहमीसारखं वृत्त आणि यमक लिहाल आणि तेवढ्यावर ते कंटाळतील. तुम्ही माणसापर्यंत जाल हे मला कळायला हवं होतं. मी छडी खाल्ली आहे.

आता मी काही करू शकत नाही. पुन्हा या विषयावर लिहू नका. हे पत्र जाळून टाका.

बळवंत


माकुणसार,
२१ डिसेंबर १९६५

चि. बळवंत,

पत्र जाळलेलं नाही. नावही तू लिहिलेलं नाहीस, तेव्हा जाळून किंवा ठेवून फारसा फरक पडत नाही.

शनिवारी मी मनोरच्या बाजारात गेलो होतो. नवसीला शोधायला वेळ लागला नाही. सुकी मासळी घेणाऱ्या बायांच्या घोळक्याशेजारी उभा राहून मी पहिली ओळ म्हटली, तशी एकीने मान वर केली. मी तिला सांगितलं की बोट दाखवणारा म्हातारा तो मीच. तिने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “बोट तुमी दाखवलात. आता तोंड पन तुमीच दाखवा. मी येतंय.”

गुरुवारी, ३० तारखेला, मी तिला घेऊन पालघरला मामलेदार कचेरीत जातो आहे. अर्ज मी लिहिला आहे, आणि त्यात बारा ओळींचा अर्थ आहे. मला ठाऊक आहे तिथे काय म्हणतील. मास्तर, गाणं हा पुरावा नव्हे. बुकात माणूस पळून गेला असं लिहिलेलं आहे, आणि लिहिलेल्यापुढे गायलेलं टिकत नाही. ते खोडायचं तर लिहिणाऱ्यानेच यायला हवं.

मी तुला हुकूम करत नाही. तो अधिकार मी गमावला आहे. कचेरी अकराला उघडते आणि पाचला बंद होते. मी बाहेरच्या बाकावर असेन.

तुझा,
मामा


बोईसर स्टेशन,
३ जानेवारी १९६६

ती. मामा,

खोली काल सोडली. सुगंधा ट्रंकेवर बसली आहे आणि मी शेजारी बसून लिहितो आहे. पुढची गाडी यायला दोन तास आहेत, आणि ती मिळाली तरी आधी तिला तिच्या माहेरी चिंचणीला सोडायचं की तुमच्याकडे आणायचं, यावर आमचं बोलणं चालू आहे. ती म्हणते माकुणसार. तिनेच तुम्हाला लिहिलं होतं, हेही तिने काल सांगितलं. मी रागावलो नाही.

गुरुवारी तुम्ही बाकावर पाचपर्यंत बसलात. नवसी तुमच्या पायांशी जमिनीवर बसली होती. तुम्ही दोनदा उठून रस्त्यापर्यंत आलात आणि परत गेलात. मला हे ठाऊक आहे, कारण मी समोरच्या हॉटेलात होतो. पिशवीत हजेरीचं बुक होतं आणि आकडीही होती. चार चहा प्यायलो. प्रत्येक चहानंतर आता उठायचं असं ठरवलं. कचेरीचं दार बंद झालं तेव्हा मी उठलो आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत थांबलो. एवढा नामर्द माणूस तुम्ही वाढवलात, हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं.

रात्र स्टेशनवर काढली. शुक्रवारी सकाळी फौजदारांच्या टेबलावर बुक ठेवलं आणि म्हटलं, हे अक्षर माझं आहे आणि हे खोटं आहे. तुमचा अर्ज कचेरीतून त्यांच्याकडे आला होता, समोरच होता. त्यांनी विचारलं, हा मास्तर तुमचा कोण? मी म्हटलं, मामा.

काल सकाळी खणलं. फौजदार, दोन पंच, नवसी आणि तिच्या पाड्यावरची माणसं होती. साहेब आले नाहीत. पुंडलिक मुकादम शनिवारपासून दिसत नाही. खणायला ठेकेदाराची माणसं पुढे होईनात, तेव्हा धुम्मसवाल्या चौघींनी फावडी घेतली. चोपलेली माती घट्ट असते, मामा. त्यांनीच चोपली होती, त्यामुळे कुठे घट्ट आणि कुठे सैल ते त्यांना ठाऊक होतं. छातीएवढं खोल गेल्यावर एकीने फावडं टाकलं आणि हाताने माती काढायला लागली. आधी मुंडासं दिसलं. नवसी पुढे आली, तिने बघितलं आणि ती काठावर खाली बसली. रडली नाही. मी आकडी तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलून मांडीवर घेतली आणि कोयत्यावरची धूळ पदराने पुसली.

मग फौजदारांनी पंचनाम्याचे कागद गुडघ्यावर घेतले. त्यांनी नवसीला विचारलं, “बाई, मयताचं नाव?”

ती खाली बघत राहिली. त्यांना वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं, “नवऱ्याचं नाव काय तुझ्या?”

पाड्यावरचा कोणीही सांगू शकला असता. एकदोघांनी तोंड उघडलंही, पण नवसीने हात वर करून त्यांना थांबवलं. तिने माझ्याकडे बघितलं. बुक माझं होतं. सकाळ-संध्याकाळ नावं पुकारायचं काम माझं होतं. ती हळू आवाजात, गाण्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, “दादूमागं चरात.”

आणि थांबली. धुम्मस बाजूला आडवी पडलेली होती. त्या जागी काहीच पडलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला, तुमची शपथ, तुमची बोटांची पेरं आठवली.

मी पुकारलं, “गोमा.”

चार मात्रा, मामा. मोजून घ्या.

बळवंत